वड्याला पोहता येत नाही

बंगळूरच्या कुठल्याही दर्शिनीत वड्याचं टोकन पुढे केलं की काउंटरपलीकडचा माणूस मान वर न करता विचारतो, "डिप्पा, सपरेटा?" वडा सांबारात बुडवून देऊ, की सांबार वाटीत वेगळं देऊ? सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा मला कन्नडचं अक्षर येत नव्हतं, पण हा प्रश्न पहिल्याच सकाळी कळला. न कळून सांगते कुणाला! उत्तराला जरा उशीर झाला की रांगेतला मागचा माणूस आपल्या वतीनं "डिप" सांगून मोकळा होतो आणि मग ते खावं लागतं.

दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. १९८३ साली जयनगरात 'कॅफे दर्शिनी' निघालं आणि पाहता पाहता गावभर ही पद्धत पसरली. आधी पैसे, मग टोकन, मग ताटली, मग छातीइतक्या उंच टेबलाशी उभं राहून सात मिनिटांत नाश्ता. गप्पा मारायची सोय नाही, रुसायची नाही, आणि मत मांडायची संधी एकदाच, ती या प्रश्नाच्या वेळी. 'डिप' की 'सपरेट'. तर या दोन शब्दांवर माझ्या भाच्यानं कपड्यांचा ब्रँड काढला.

मुळात बंगळुरात टी-शर्ट विकणं म्हणजे रत्नागिरीत पेटी घेऊन आंबा विकायला बसणं. इथे टी-शर्ट कुणी विकत घेत नाही, तो आपला येत राहतो. नोकरीला लागलात, टी-शर्ट. कंपनीनं नवीन ॲप काढलं, टी-शर्ट. ते ॲप चाललं नाही म्हणून त्याचं नाव बदललं, पुन्हा टी-शर्ट. आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत बुडालेल्या पाच कंपन्या अजून नांदताहेत. एक ओटा पुसते, दोन गाडी पुसतात, एक तुळशीच्या कुंडीखाली असते आणि एक रविवारी ह्यांच्या अंगात असते. कापड मात्र पाचही जणींचं एक नंबर. गुंतवणूकदारांचा पैसा कुठे गेला ते हात लावल्यावर कळतं.

भाच्याला हे सगळं ठाऊक होतं. तो आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत काम करतो आणि त्याच्या कपाटात सदरा असा एकच आहे, मुंजीतला. तरी एका शनिवारी तो आला आणि म्हणाला, "मावशी, कापड विकायचंच नाही. चळवळ विकायची."

"कसली चळवळ?"

"कसलीच नाही. तीच तर गंमत. खरी चळवळ काढली की लोक भांडतात. म्हणून खोटी काढायची. जगात नसलेली. तिचे टी-शर्ट मात्र खरे."

मग त्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली. २०१७ च्या जानेवारीत मेम्फिस शहरात एक मोर्चा चालला होता. पीटर मॅकिंडो नावाच्या एका कॉलेजच्या पोरानं गंमत म्हणून एक फलक लिहिला आणि त्या गर्दीत जाऊन उभा राहिला. फलकावर लिहिलं होतं, पक्षी खरे नाहीत. कुणी विचारलं तर सांगायचा, सरकारनं १९५९ पासून खरे पक्षी मारून त्यांच्या जागी टेहळणीची यंत्रं सोडली आहेत. तारेवर ओळीनं बसतात ते चार्जिंगला. त्याचा व्हिडिओ पसरला, मग मेळावे झाले, एक गाडी गावोगाव फिरली आणि अर्थातच टी-शर्ट निघाले. पठ्ठ्या जवळजवळ पाच वर्षं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलत राहिला. २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सला त्यानं सांगून टाकलं, की गंमत होती. टी-शर्ट त्यानंतरही खपतच राहिले.

हे ऐकून ह्यांनी पेपर खाली ठेवला. आमचे हे कोल्हापूरचे. कुठल्याही गोष्टीची याहून जुनी गोष्ट त्यांच्याकडे असते. म्हणाले, "१९५९ म्हणालास? त्याच साली अमेरिकेत प्राण्यांना कपडे घाला म्हणून चळवळ निघाली होती. उघडे प्राणी म्हणजे अश्लीलता. चार इंचांहून उंच किंवा सहा इंचांहून लांब असेल त्या प्रत्येक जनावराला चड्डी पाहिजे, असा त्यांचा नियम."

मला वाटलं, हे नेहमीप्रमाणे सोडताहेत. पण निघालं खरं. ॲलन आबेल नावाच्या गृहस्थानं ही थट्टा रचली आणि बक हेन्री नावाच्या नटाला अध्यक्ष करून टीव्हीवर बसवलं. हा अध्यक्ष इतक्या कळकळीनं बोले, की १९६२ साली वॉल्टर क्रॉन्काइटसारख्या मुरलेल्या वृत्तनिवेदकानं त्याची गंभीर मुलाखत घेतली. सँटा बार्बराच्या एका बाईनं चाळीस हजार डॉलरचा धनादेश पाठवला, तो आपण परत केला, असं आबेल सांगत असे. घोड्यांसाठी बर्म्युडा पँटीचे नमुनेसुद्धा निघाले होते. आपल्याकडे हे चाललं नसतं. आपण बेंदराला बैलाला झूल घालतो, शिंगांना बेगड लावतो, वर गोंडे बांधतो. अध्यक्षमहाशय कोल्हापुरात उतरले असते तर लोकांनी विचारलं असतं, "आमचा बैल नटलाय, पण तुम्ही असे साधेच आलात?"

भाच्याला मात्र चेव चढला. त्यानं 'चुंबक'चं उदाहरण दिलं. २०१० साली याच बंगळुरात एका नवरा-बायकोनं फ्रिजला चिकटवायचे गमतीदार मॅग्नेट काढून तो ब्रँड सुरू केला आणि भांडवलासाठी राहतं घर विकलं. हे वाक्य त्यानं फोनवर त्याच्या आईलाही ऐकवलं. ताईनं त्याच दिवशी फ्लॅटची कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली.

आता चळवळ कुठली काढायची? पहिली कल्पना अर्थातच खड्ड्यांची: खड्डे वाचवा, दुर्मीळ होत चालले आहेत. पण ती जागा भरलेली निघाली. २०१५ च्या जूनमध्ये बादल नंजुंडस्वामी या चित्रकारानं सुलतानपाळ्यातल्या भल्यामोठ्या खड्ड्यात मगर सोडली होती. मगर खोटी, खड्डा खरा, आणि लगोलग झालेली दुरुस्तीही खरी. २०१९ मध्ये त्यानं रस्त्यावरून एका माणसाला अंतराळवीराचा पोशाख घालून हळूहळू चालवलं. बघणाऱ्याला वाटावं, चंद्रावर चाललाय. कॅमेरा जरा वर गेला तेव्हा मागून रिक्षा आली आणि कळलं, हा आपलाच रस्ता. तिथेही माणसं खडी-डांबर घेऊन धावली. म्हणजे खड्ड्यांची थट्टा केली की खड्डाच बुजतो आणि माल अंगावर पडतो. धंद्याला हे परवडणारं नव्हतं.

कपड्यांतूनच थट्टा करायची तर तीही कर्नाटकानं आधीच करून ठेवलेली. २००९ च्या जानेवारीत मंगळूरच्या पबमध्ये श्रीराम सेनेच्या माणसांनी मुलींना मारहाण केली, तेव्हा निशा सुझान आणि तिच्या मैत्रिणींनी 'पबला जाणाऱ्या, सैल आणि पुढारलेल्या बायकांचा संघ' असा नावातच दम असलेला संघ काढला आणि व्हॅलेंटाइन डेची भेट म्हणून देशभरातून गुलाबी चड्ड्या हुबळीला श्रीराम सेनेच्या पत्त्यावर धाडायला सांगितलं. त्या संघाला ना कार्यालय, ना घटना, ना वर्गणी. चड्ड्या मात्र पोत्यांनी पोचल्या. त्या थट्टेच्या आत खरा संताप होता. भाच्याला संताप नको होता, टी-शर्ट खपवायचे होते.

आणि थट्टेनं खऱ्याच्या पुढे जायचं म्हटलं तरी जायचं कुठे? या गावात वाटाळ नागराज आहेत. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर काळी टोपी, सोबत गरजेप्रमाणे गाढवं. गेली कित्येक दशकं हा गृहस्थ गाढवांसकट मनापासून आंदोलनं करतो आहे. त्यांच्या शहरात खोटं आंदोलन उभं करायचं म्हणजे बालगंधर्वांच्या गावात जाऊन लुगडं नेसून दाखवायचं.

शेवटी विषय सापडला तो दर्शिनीतच. रविवारची सकाळ, आम्ही तिघं, पुढ्यात तीन ताटल्या. ह्यांचा डिप, माझा सपरेट. भाच्याच्या वाट्याचा वडा सांबारात बराच वेळ पडून फुगला होता. चमच्यानं ढकलला की बाजूला होई आणि पुन्हा मध्ये येऊन तरंगे. भाचा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, ह्याला पोहता येत नाही गं."

झालं. घोषणा ठरली: 'वड्याला पोहता येत नाही.' मराठीत एक, कन्नडमध्ये 'वडेगे ईजु बरल्ल' अशी एक. उद्देश: मेदूवड्यांचं सांबारात होणारं बुडणं थांबवणे.

कोरे टी-शर्ट तिरुप्पूरहून आले. बायोवॉश केलेले, १८० जीएसएम. जीएसएम म्हणजे कापडाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, हे मला त्या महिन्यात कळलं आणि तेव्हापासून मी ओटा पुसायच्या फडक्यालाही दोन बोटांत धरून बघते. छपाईला आम्ही चिकपेटेच्या मागच्या गल्लीत गेलो. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, शाईचा उग्र वास. छापणारा अण्णा टी-शर्ट लाकडी फळीवर चढवायचा, उशीला अभ्रा घालावा तसा. हातानं एकदा सुरकुती मोडायची. वर जाळीची चौकट टेकवायची, कडेला पांढरी शाई ओतायची आणि रबराची पट्टी दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची. चौकट उचलली की खाली अक्षरं उमटलेली. मी दहा-बारा वेळा बघितलं आणि दहा-बारा वेळा मला पापड लाटून झाल्यासारखं बरं वाटलं.

कन्नड घोषणा छापताना अण्णा थबकला. ती वाचून त्यानं काळजीनं विचारलं, "यारु मुळुगिदरु?" कोण बुडालं?

"वडा," भाचा म्हणाला.

अण्णानं पट्टी खाली ठेवली. मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. बराच विचार करून म्हणाला, "मग बोंडा सूपचं काय? वडा निदान डोकं वर ठेवतो. बोंडा तर पार तळाशी जातो."

चळवळीला पहिला सभासद मिळाला होता, तोही कळवळ्याचा. भाच्याला त्याच वेळी घाम फुटायला हवा होता.

मराठी मालात एक घोळ झाला. घोषणा दोन ओळींत होती आणि चोवीस टी-शर्टांवर खालची 'नाही' ही ओळ छापायचीच राहिली. त्यांवर नुसतंच आलं: 'वड्याला पोहता येत'. अनुस्वार कमी, पण अनुस्वार हल्ली बघतो कोण? भाचा हे चोवीस नग फेकायला निघाला होता. ते घरी बघताच ह्यांचे डोळे चमकले. कोल्हापूरच्या माणसाला कटवडा हा आईच्या ठिकाणी. तिथे बटाटेवडा तिखटजाळ कटात बुडवूनच देतात, आणि न बुडलेला वडा पुढे आला तर गिऱ्हाईक विचारतं, कट संपला का? ह्यांनी त्यातला एक टी-शर्ट तिथल्या तिथे अंगात घातला आणि उरलेले तेवीस आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्रमंडळींत दोन दिवसांत रोख पैशांनी खपवले. खऱ्या घोषणेचे तोवर सात गेले होते. म्हणजे चळवळ आठ दिवसांची होण्याआधी तिला विरोधी पक्ष मिळाला आणि तो पैशानंही मजबूत निघाला.

मग गणपती आले. आमच्या इथल्या एका मराठी मंडळाच्या उत्सवात भाच्यानं टेबल मांडलं. मोदकाचे साचे आणि थालीपीठाच्या भाजणीच्या मध्ये वड्यांची चळवळ. लोक हसले, फोटो काढले, चार-दोन टी-शर्ट गेलेही. मग एक ज्येष्ठ काका आले. त्यांनी चष्मा लावून घोषणा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सांबार कुणाचं आहे, माहीत आहे?"

पुढची गोष्ट मराठी घरात सगळ्यांनी ऐकलेली असते. तंजावरचे शहाजीराजे आमटी करायला बसले, कोकम संपलं होतं म्हणून चिंच घातली, पाहुणे म्हणून छत्रपती संभाजी महाराज आले होते, त्यांच्या नावावरून सांबार. दंतकथा गोड आहे, फक्त तिच्या मागे कागद नाही. शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि १६८९ मध्ये संभाजी महाराज गेले. मधली पाच वर्षं औरंगजेब दक्खनेत मांड ठोकून बसलेला. त्या धामधुमीत तंजावरला आमटी प्यायला जायची सवड महाराजांना कशी मिळाली असेल, हे मी काकांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण काका वयानं मोठे आणि प्रसादाचं वाटप त्यांच्याकडे.

"ह्या शहाजीराजांचे वडील व्यंकोजी," काका म्हणाले, "बंगळूर त्यांच्याच ताब्यात होतं. खूण म्हणून मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वराचं देऊळ बघून या. आणि तुम्ही इथे उभं राहून सांबाराला खुनी ठरवता?"

इतिहासाचं पुढचं पान त्यांनी सोडलं. १६८७ च्या सुमाराला बंगळूर ३ लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेलं. अख्खं गाव. आज तेवढ्यात इथे दोन खोल्यांच्या घराचं डिपॉझिट होत नाही.

भाचा बिचारा सांगायला गेला, "काका, ही नुसती गंमत आहे." हे तर फारच चुकलं. मराठी माणसाला विरोध चालतो, गंमत आहे म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढतो. पाहता पाहता टेबलाभोवती सभा जमली. एका वहिनींनी विचारलं, दहीवड्याबद्दल तुमची भूमिका काय? दह्यात तो बुडतो की नुसता लोळतो? दुसऱ्या बाजूनं आवाज आला, मिसळीत पाव बुडवतात त्याचं आधी बोला. कुणी म्हणालं, बटाटेवडा घेतला नाही तर ही चळवळ मराठी कशी? एक गृहस्थ पावतीपुस्तक आहे का म्हणून विचारू लागले. त्यांना देणगी द्यायची नव्हती, खजिनदार व्हायचं होतं.

सगळ्यांत निष्ठावंत निघाल्या त्या नागपूरच्या एक काकू. तीन टी-शर्ट घेतले, घरी फोन करून चौथा सांगितला. तीन आठवड्यांनी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण मला एक सांगा बाप्पा, वडा सांबारात बुडते कसा?" मी म्हटलं, म्हणजे? तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. बाई तीन आठवडे कोथिंबिरीच्या जुडीत वडा बुडाल्याचं दुःख करत होत्या. आणि त्यांच्या सांबारवडीत तर सांबारच वडीच्या पोटात असतं.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असते तर एवढ्या सामग्रीवर त्यांनी सबंध परिषद भरवली असती. अत्र्यांनी १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' लिहिलं, त्यातल्या रावबहादुरांना सूर्यनमस्काराचं वेड. तिकडे औंधचे राजे त्याच नमस्कारांचा प्रचार पूर्ण गांभीर्यानं करत होते. थट्टा करणारा आणि खरोखर करणारा एकाच काळात, एकाच मराठी मुलखात, आणि नाटक बघून आलेला प्रेक्षकही सकाळी दहा नमस्कार घालत असेल तर मला नवल वाटणार नाही.

सभासदांच्या आग्रहावरून एका रविवारी यात्रा निघाली, शंकरपुरमच्या ब्राह्मिन्स कॉफी बारला. हे १९६५ पासूनचं ठिकाण चळवळीला फारच सोयीचं, कारण तिथे इडली-वड्याबरोबर फक्त चटणी देतात. सांबार मिळतच नाही. डिप नाही, सपरेट नाही, प्रश्नच नाही. आम्ही बाराजण टी-शर्ट घालून फुटपाथवर उभे राहिलो. भोवतालची माणसं चटणीवर चटणी घेत होती, एकही वडा बुडत नव्हता आणि आपण कुठल्या मुक्त प्रदेशात उभे आहोत याचा कुणाला पत्ता नव्हता. अण्णा चिकपेटेहून मुद्दाम आला होता. पहिला वडा खाऊन त्यानं सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "सगळं छान आहे. जरा सांबार पाहिजे होतं."

त्यानंतर भाचा दिसेनासा झाला. कंपनीत काम वाढलं म्हणे. दोनशेपैकी एकशे बारा टी-शर्ट माझ्या माळ्यावर, आणि घरात खजिनदारांचे फोन. त्याच्या घराजवळच्या दर्शिनीत म्हणे आता त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तो टी-शर्ट दिसला की काउंटरवरचा माणूस आपणहून सपरेट देतो, मानानं, वर एक चटणी जास्त.

मागच्या गुरुवारी मी जयनगरात काही कामाला गेले होते. भूक लागली म्हणून एका दर्शिनीत शिरले तर कोपऱ्यातल्या टेबलाशी ओळखीची पाठ. टी-शर्ट उलटा घातलेला. शिवणी बाहेर, मानेपाशी 'एल' लिहिलेलं लेबल बाहेर, आणि आतली अक्षरं पाठीवरून पुसट, आरशातल्यासारखी. पुढ्यात भलाथोरला वाडगा, त्यात दोन वडे गळ्यापर्यंत. चमचा चाललेला.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यानं घास गिळला.

"मावशी, कुणाला सांगू नकोस. मला पहिल्यापासून डिपच आवडतो."

मी टोकन घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. माणसानं मान वर न करता विचारलं, "डिप्पा, सपरेटा?" माझ्या पिशवीतून चळवळीच्या टी-शर्टाची बाही बाहेर डोकावत होती. ती मी आत ढकलली.

"एक डिप," मी म्हटलं. "आणि एक वाटी सपरेट. टेबलावर दिसायला."